तारा तुटला म्हणून भिऊ नका
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेले भाषण)



तारा तुटला की कोणी थोर मनुष्य मेला, घरावर अरिष्ट आले, असे आपण समजतो. आणि जोशीबुवा सांगतील ती शांति कर्ज काढून करतो. पण तुटतो तो तारा नव्हेच! दुसऱ्या रात्री मोजून पहा, सप्तर्षींतले सातही जागच्या जागी असतात. जळतो तो वाळूच्या कणाएवढा, फार तर वाटाण्याएवढा खडा.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री, आकाशात चंद्र नसेल तेव्हा, खळ्यात घोंगडी टाकून उताणे निजा. दिवा मालवा, घटकाभर डोळे अंधारास सरावू द्या. ज्याच्या पावसास आपण तरणा म्हणतो, त्या पुनर्वसु नक्षत्राकडून हे खडे सेकंदास ३५ किलोमीटर वेगाने येतात व हवेत पेटतात. मध्यरात्रीनंतर तासाला शंभराच्या आसपासही दिसतात. मग तासाला शंभर थोर माणसे मरतात काय?

मोठा धोंडा क्वचितच येतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे २० मीटरांचा धोंडा आकाशात फुटला. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी धावले. हवेचा तडाखा मागाहून आला, काचा फुटल्या, हजारावर माणसे जखमी झाली. म्हणून असा उजेड पडताच काचेपासून दूर व्हा.

२२ मे २०१२ रोजी आपल्या काटोलास आकाशातून दगड पडले. ते शास्त्रज्ञांनी तपासले. तुमच्या शेतात पडला तर शेंदूर फासू नका, फोडू नका, शाळेत कळवा. आणि शांतीचा पैसा मुलामुलींच्या वह्यापुस्तकांस लावा.