पाणपक्ष्यांची हजेरी
(माहीम येथे युवकांसमोर केलेल्या भाषणावरून)

माहीमच्या पानवेलींची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु हिवाळ्यात ओहोटीच्या चिखलावर उतरणाऱ्या तुतवार आणि चिखल्या या उत्तरेकडील पाहुण्यांची विचारपूस आपल्यापैकी कितीजण करतात? क्रौंचवधाच्या शोकातून आदिकवीची वाणी प्रकटली, हे आपण अभिमानाने सांगतो. ती करुणा कृतीत उतरवण्याचा एक मार्ग म्हणजे १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना. तिचा भार प्रामुख्याने स्वयंसेवकच वाहतात.

तिची रीत समजून घ्या. ओहोटीला पक्षी दूरवर विखुरतात, भरती चढली की कोरड्या उंचवट्यावर गोळा होतात. म्हणून आधी भरतीची वेळ पाहावी, दुर्बीण नंतर. दहा पक्ष्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरून त्या मापाने थवा मोजावा. छायाचित्रासाठी थवा उठवणे हा, स्पष्टच बोलतो, अपराध आहे. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती त्यात व्यर्थ खर्ची पडते.

आणि एकही पक्षी न दिसल्यास वहीत शून्य लिहावे. उत्साही तरुणांना हेच जड जाते. परंतु पाणथळ बुजवू पाहणारा जेव्हा ‘येथे पक्षी होतेच कोठे?’ असे विचारतो, तेव्हा सलग वर्षांच्या नोंदीच उत्तर देतात. २०२० साली नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. नियमितपणे वीस हजार पाणपक्षी असणे हा रामसरचा एक निकष आहे. मोजल्यावाचून तो आकडा येणार कोठून?

येत्या जानेवारीसाठी दोघा-दोघांच्या तुकड्या आजच ठरवा. वहीसाठी प्लास्टिकची पिशवी मात्र विसरू नका.