वहीला वही जोडू या

मैत्रिणींनो, आम्ही मुंबईहून, गिरगावातल्या ठाकूरद्वारहून बोलतोय. चाळीतल्या बायकांचा आमचा बचत गट आहे. आज बोलायचंय हिशेबाबद्दल.

आमच्या याच गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे लिज्जत पापड झालं. तिथे बाई मळलेलं पीठ वजन करून घरी नेते, लाटलेले पापड वजन करून देते आणि लाटणावळ घेते. पीठ, पापड, पैसे या तिन्ही नोंदी एकाच बाईच्या नावाशी जुळल्या, तरच तिच्या कष्टाचं मोल तिच्या हातात पडतं.

आपल्या गटाचंही तसंच. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र कोणतं? नियमित लेखे. पण सभासदांची यादी एकीकडे, कर्जाची वही दुसरीकडे, हप्त्यांची तिसरीकडे. गटात दोन सुनीता असल्या, की एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर जायला कितीसा वेळ लागतो? मग पैसे भरूनही बाई थकबाकीदार ठरते.

यावर उपाय म्हणजे नंबर. प्रत्येक सभासदाला एक नंबर, प्रत्येक कर्जाला एक नंबर. हप्ता लिहिताना कर्जाचा नंबर लिहायचाच, कारण एकाच बाईची दोन कर्जं असू शकतात.

मोबाइलवर नोशनसारख्या अ‍ॅपमध्ये हेच काम होतं. तिथे तीन याद्या करायच्या: सभासद, कर्ज, हप्ते. कर्ज सभासदाला जोडायचं, हप्ता कर्जाला जोडायचा. या जोडणीला तिथे ‘रिलेशन’ म्हणतात. मग कर्जाच्या यादीत ‘रोलअप’ नावाचा रकाना घ्यायचा. कुठल्या जोडणीतून, कुठला रकाना आणि त्याचं काय करायचं, एवढंच त्याला सांगायचं. बेरीज, नोंदींची संख्या, सरासरी, शेवटची तारीख, जे हवं ते तो काढून देतो.

समजा, सुनीताचं कर्ज १०,००० रुपयांचं. मुद्दलापोटी तिने भरले १,०००, १,००० आणि १,५००. रोलअप दाखवेल ३,५००. बाकी राहिली ६,५००. व्याजाचा रकाना मात्र वेगळा ठेवा, नाहीतर मुद्दलात व्याज मिसळेल.

आता महत्त्वाचं ऐका. जो हप्ता जोडायचा राहिला, तो बेरजेत धरला जात नाही आणि अ‍ॅप त्याबद्दल ओरडतही नाही. म्हणून महिन्याच्या बैठकीत दोन आकडे मोठ्याने वाचा: रोकड वहीप्रमाणे आजवर जमा झालेलं एकूण मुद्दल आणि सगळ्या कर्जांच्या रोलअपची बेरीज. दोन्ही जुळायला हवेत. नाही जुळले, तर मूळ नोंद शोधून तीच दुरुस्त करा.

कागदी वह्या आणि सह्या सोडू नका. बँक त्याच बघते. आधार नंबर, खातं नंबर अ‍ॅपमध्ये घालू नका. आणि मोबाइल एकीकडेच राहू देऊ नका, निदान तिघींना तरी हे यायला हवं.

मोबाइल नसेल, तरी अडत नाही. येत्या बैठकीत वहीतल्या प्रत्येक हप्त्यापुढे कर्जाचा नंबर घाला. मग कोणतीही बाई उभी राहून विचारू शकेल, “माझी बाकी किती?” आणि उत्तर तिथल्या तिथे मिळेल. तो तिचा हक्कच आहे.