आधी श्वास, मग शब्द

श्रोतेहो, यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात शरीराची आठवण होते ती वेचणीत कंबर धरली की. एरवी ते फक्त राबवायचं. मीही तेच केलं. त्यात राग भारी. एकदा जेवताना मुलासमोर ताट भिरकावलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलेना.

आमच्या घरी १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपासून बुद्धवंदना आहे. पण बुद्धाने स्वतःच्या देहाकडेही पाहायला सांगितलं, हे मला इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात उमजलं. सत्यनारायण गोयंका यांनी ही साधना ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून १९६९ साली भारतात आणली. इगतपुरीला १९७६ पासून शिबिरं भरतात.

पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायांपर्यंतच्या संवेदना पाहायच्या. खाज, ऊब, कळ, जे असेल ते. हटवायचं काही नाही. येतं आणि जातं, एवढं जाणायचं. गुडघे ठणकले. दोनदा पळून यावंसं वाटलं.

घरी आलो. राग गेला नाही, श्रोतेहो. पण आधी छाती तापते, जबडा आवळतो, हे आता शब्द सुटण्यापूर्वी कळतं. तेवढी उसंत पुरते.

परवा मुलगा विहिरीवरची मोटार जाळून दारात उभा राहिला, मान खाली. छाती तापली. मी दोन श्वास पाहिले. मग म्हटलं, "बस रे बाबू, आधी जेवून घे."

तो बसला.