उशाशीं बसलेलें माणूस

केजसारख्या तालुक्याच्या गांवीं घरांतील वडीलधारें माणूस आजारी पडलें, म्हणजे त्याला गांवच्या उपजिल्हा रुग्णालयांत आणि दुखणें बळावल्यास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत नेण्यांत येतें. घरचें कोणी तरी उशाशीं राहतेंच. परंतु तेथें राहून नेमकें काय करावयाचें, याचा विचार क्वचितच होतो.

कोणत्याही रुग्णालयांत घडणारा हा प्रसंग पाहावा. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीं आजोबा वातांत असल्याप्रमाणें बोलूं लागतात, मुलास ओळखीत नाहींत, सलाईनची नळी ओढूं पाहतात. 'वय झालें, चालावयाचेंच,' असें म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. वस्तुतः असा एकाएकीं उद्भवणारा भ्रम म्हणजे निव्वळ म्हातारपण नव्हे. जंतुसंसर्ग, शरीरांतील पाण्याची तूट, एखादें औषध किंवा जागरण यांपैकीं कांहीं तरी त्याच्या मुळाशीं असूं शकतें. एरवीं बोलका असलेला वृद्ध अचानक गुंगीत पडून राहूं लागला, तर तेंही याच विकाराचें लक्षण असूं शकतें. दोन्ही प्रसंगीं डॉक्टरांस तत्काळ कळवावें. कारण वृद्धाचा नेहमीचा स्वभाव घरच्यांइतका दुसऱ्या कोणास ठाऊक नसतो.

हा भ्रम पुष्कळदां टाळतां येतो. अमेरिकेंतील न्यू हेवन येथें डॉ. शॅरन इनूये व त्यांचे सहकारी यांनीं सत्तर वर्षें व त्यांवरील वयाच्या ८५२ रुग्णांचें निरीक्षण करून १९९९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीची शुश्रूषा लाभलेल्यांत शेंकडा १५ जणांस भ्रम झाला. विशेष काळजी घेतलेल्यांत शेंकडा ९.९ जणांस. ती काळजी म्हणजे दिवस व स्थळ यांची वारंवार आठवण, दृष्टि व श्रवण यांस साहाय्य, पुरेसें पाणी, रात्रीं शांत झोंप आणि लवकर चालतें करणें. तेथें हें काम प्रशिक्षित स्वयंसेवक व परिचारिकांनीं केलें. आपल्याकडे त्यांतील बराच भाग घरच्या माणसास करतां येईल.

म्हणून हरवण्याच्या भीतीनें चष्मा, कवळी वा श्रवणयंत्र घरीं ठेवूं नये. वैद्याच्या चूर्णासह सर्व औषधांची यादी डॉक्टरांस दाखवावी. 'उठूं नका' हा प्रेमळ आग्रह पायांतील शक्ति हिरावून घेतो, आणि मग रात्रीं शौचास एकटे उठलेले आजोबा पडतात. डॉक्टरांची अनुज्ञा घेऊन त्यांस रोज हात धरून चालवावें. पाळी बदलतांना दिवसाची हकीकत वहींत लिहून दुसऱ्याच्या हातीं द्यावी. जागून थकलेल्या माणसानेंही झोंप घ्यावी. पेंगुळलेल्या डोळ्यांस आजोबांतील बदल दिसावयाचा नाहीं.