मदैराहून होनोलुलूला

पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या मिन्यो भागातल्या जत्रांमध्ये ढोल आणि अकॉर्डियनच्या गलक्यातूनही एक बारीक, झणझणीत आवाज वर येतो. तो कावाकिन्योचा. दिसायला गिटारचं पोर, लांबी जेमतेम हातभर, तारा चार. मिन्योच्या जुन्या वाद्यांत बोटांची पट्टी पोटाच्या लाकडाशी सपाट बसवलेली आणि पडदे फक्त बारा. त्यामुळे सूर वेचण्यापेक्षा तारांवर सपासप फटकारे मारून ताल धरणं, हे त्याचं मुख्य काम.

मदैरा बेटावर त्याच्या भाईबंदाला माशेत म्हणतात, किंवा मिन्योतल्या ब्रागा शहरावरून ब्रागिन्या. तिथल्या फुंशाल शहरातल्या दिवाणखान्यांत मात्र त्यावर सुरावटी वाजू लागल्या.

२३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज हवाई बेटांवरच्या होनोलुलूला लागलं. चार महिन्यांचा प्रवास करून आलेले चारशेच्यावर मदैरावासी उसाच्या मळ्यांवर राबायला निघाले होते. जुआंव फर्नांडिसने एका सहप्रवाशाचा माशेत मागून घेतला आणि धक्क्यावरच वाजवायला सुरुवात केली, असं सांगतात. त्याच जहाजात मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डायस आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो हे तीन सुतारकाम जाणणारे होते. मळ्यांतून सुटल्यावर तिघांनी होनोलुलूत वाद्यं बनवायला घेतली, तीही तिथल्या कोआ लाकडाची. राजा कालाकौआला ती आवडली आणि राजवाड्यात हुला नृत्यासोबत वाजू लागली.

हेच ते युकुलेले. त्याला सरसकट माशेतचं पोर म्हणतात, पण हे अर्धंच खरं. अंगकाठी माशेतची, सुरांची जुळणी मात्र मदैराच्याच पाच तारांच्या राझांवची, त्यातली एक तार वगळून. म्हणूनच युकुलेलेची सगळ्यांत वरची तार, जिथे खर्ज हवा तिथे, उंच बोलते.

हवाईच्या भाषेत ‘युकुलेले’ म्हणजे उड्या मारणारी पिसू. वादकाची बोटं तशी नाचतात म्हणून. राणी लिलिउओकलानीला ‘इथे आलेली भेट’ हा अर्थ पसंत होता. अर्थ शोभिवंत खरा, पण लोकांच्या तोंडी पिसूच राहिली!

ब्राझीलमध्ये कावाकिन्यो सांबा आणि शोरो या संगीतप्रकारांत रुजला. वाल्दिर अझेवेदोचं ‘ब्राझिलेरिन्यो’ ऐकलं की हातभर वाद्याचा वेग कळतो. खुद्द पोर्तुगालमध्ये शहरी श्रोत्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्याने वळलं ते १९८१ साली, झुलिओ परैराच्या ‘कावाकिन्यो’ याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेमुळे.