आधी किती, मग तासाला किती
(रेडिओवरील भाषण)

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारी माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. अंतर साधारण ४५ किलोमीटर. तासाला ४ किलोमीटर अशी एकसारखी चाल धरली, तर 'त' तासांत चालणं होतं ४त. इथवर मुलं बरोबर येतात.

आता एक मावशी सोलापूरपासून १० किलोमीटर पुढे असलेल्या लेकीच्या घरून निघाल्या. चाल तीच. 'त' तासांनी त्या सोलापूरपासून किती लांब असतील? मुलं पुन्हा ४त लिहून मोकळी होतात. अरे, ते १० कुठे गेले? राशी १० + ४त आहे. पेपर तपासताना हे गळालेलं स्थिर पद मी इतक्या वेळा पाहिलंय, की आज मुद्दाम त्याच्यासाठीच आलो आहे.

आपल्या चादरीचा माग डोळ्यांपुढे आणा. विणकर सकाळी बसतो तेव्हा गुंडाळीवर कालचं कापड असतंच. समजा ६ हात. आज तासाला एक हात विणलं, तर गुंडाळीवर ६ + त. कालचं कापड कुणी उसवून टाकतं का? मग वहीत का टाकता? आणि मागाच्या मागच्या बाजूला बघा. पुढे कापड वाढतं तसा तिकडे ताणा घटतो. काम एकच, पण एकीकडे अधिक, दुसरीकडे वजा. मावशींचंही तसंच. सोलापूरपासूनचं अंतर १० + ४त, पण तुळजापूर किती उरलं म्हणाल तर ३५ − ४त. हे ३५ कुठून आले, ते मुलांना स्वतः सांगू द्या. पालकांनो, लगेच सांगून टाकू नका.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात या 'त'सारख्या अज्ञात संख्येसाठी 'यावत्तावत्' हा शब्द वापरला. जितकं, तितकं. जितके तास, तितकं चालणं. शब्दच किती सोपा आहे!

स्थिर पद गळलं का, हे ओळखायची एक खूण सांगतो. राशी लिहून झाली की 'त'च्या जागी शून्य ठेवा. अजून पाऊल उचललेलं नाही, तेव्हा माणूस कुठे आहे? १० + ४त मध्ये उत्तर १० येतं, म्हणजे लेकीचं घर. ३५ − ४त मध्ये ३५ येतं, म्हणजे तिथून तुळजापूरपर्यंतची सगळी वाट. शून्य तासाला माणूस भलतीकडेच उभा दिसला, तर राशी चुकली. एवढी एक खूण आज रात्री मुलांकडून करून घ्या.

३५ − ४त शून्य झालं की मावशी पोचल्या. पावणेनऊ तास. पण त्या वाटेत चहाला तासभर टेकल्या तर? तेव्हा एका राशीने भागत नाही. टेकण्याआधीची वेगळी, नंतरची वेगळी, आणि दुसरीत ते आधी चाललेलं अंतर पुन्हा स्थिर पद होऊन... काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. हे पुढच्या वेळी मांडेन.