नख सुटते तेव्हा



कामगारांच्या प्रश्नावर बोला, असे चालकांनी सांगितले आणि मी नखांवर बोलणार आहे. काहीजण हसलात, हसावे. मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. पण हातावर पोट असणाऱ्यांत तीस वर्षे काढली, त्यामुळे हात पाहायची सवय जडली.

एका कारखान्याच्या उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. तीन नखे टोकाकडून पांढरी होऊन उचललेली. ‘सांसर्गिक रोग आहे,’ म्हणून मुकादमाने त्यांना घरी बसवले होते. त्या रोज आगकाडीने नखाखालचा मळ कोरीत. मीही शहाणपणाने म्हणालो, ‘कोरा, स्वच्छ ठेवा.’ तोच सल्ला घातक होता, हे त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेल्यावर कळले.

नखाखाली मांसल गादी असते. तिच्यापासून नख सुटले की आत हवा शिरते, म्हणून तेवढा भाग पांढरा दिसतो. कोरल्याने फट आणखी मागे सरकते. पाण्यात, साबण-सोड्यात सतत हात असणे हे याचे मोठे कारण. मार, सोरायसिस, बुरशी, थायरॉईडचा विकार, काही औषधे, हीही कारणे आहेत. म्हणून आपल्याच मनाने बुरशीचे मलम चोपडू नये. ओल्या फटीत जंतू वाढले तर नख हिरवट होते. मात्र पाण्याने सुटलेले नख काही दुसऱ्याला लागत नाही. मुकादमाला हे कोण सांगणार?

सुटलेला भाग पुन्हा चिकटत नाही. मुळाकडून नवे नख चिकटतच पुढे येते, महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर. हाताचे नख पुरते बदलायला ६ महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचे १२ ते १८. तोवर सुटलेला भाग आखूड कापावा, ओढू नये. हात कोरडे ठेवावेत. पाण्याच्या कामाला रबरी हातमोजे आणि आत सुती, कारण रबरात घाम साचतो. सुती मोजे भिजले की बदलावेत. पू झाला, ठणका लागला, काळी रेघ दिसली किंवा एकच नख महिनोन् महिने तसेच राहिले, तर डॉक्टर गाठावा.

आता सांगा, रोज भिजणारे मोजे बदलायला माणशी दोन-तीन जोड नकोत? व्यवस्थापकांनी चार बायांत एक जोड देऊ केला. मी विचारले, ‘साहेब, आपण चौघांत एक बूट वापरता का?’ वाटाघाटी दीड महिना चालल्या. जोड मिळाले, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बाईही कामावर परतल्या, पहिले काही महिने कुपनांच्या खिडकीवर.

सात महिन्यांनी त्यांनी हात दाखवला. दोन नखे धड होती. तिसरे टोकाशी अजून किंचित उचललेले होते.